संगीत महाविद्यालयातील पाच वर्षे गायकाच्या आयुष्याला कोणते वळण देतात?

मूळ प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी मिरजेत राहतो. माझी धाकटी मुलगी सतरा वर्षांची असून यंदा बारावीला आहे. आठव्या वर्षापासून ती आमच्याच गावातील एका बाईंकडे गाणे शिकत आहे आणि गेल्या वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षा ती उत्तीर्ण झाली. बाईंची शिकवण्याची पद्धत जुन्या वळणाची आहे. एकेक राग सहा-सहा महिने चालतो, वहीत काही लिहू देत नाहीत आणि चीज, म्हणजे रागात बांधलेले गाणे, तोंडपाठ झाल्याखेरीज पुढची चीज मिळत नाही. आमच्या घरात यापूर्वी कोणी गाणे शिकलेले नाही. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली रात्रभर बसून ऐकणे आणि सतारमेकरांच्या गल्लीतून जाताना तानपुऱ्याच्या तारा जुळवल्याचा आवाज आला की थोडे थांबणे, एवढाच आमचा संगीताशी संबंध आहे.

बारावीनंतर पुण्याला किंवा अन्यत्र एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागात पदवीसाठी जावे, असे मुलीच्या मनात आहे. तेथे पदवीची आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मिळून निदान पाच वर्षे जातील. माझ्या बंधूंचे म्हणणे असे की तिने वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी आणि गाणे बाईंकडे चालू ठेवावे. बाईंना विचारले तेव्हा त्यांनी होय किंवा नाही असे काहीच सांगितले नाही. "तिथे तिच्याबरोबर कोण बसणार आहे ते बघा," एवढेच त्या म्हणाल्या. या वाक्याचा अर्थ मला अद्याप नीट कळलेला नाही.

नोकरी मिळते का, पगार किती असतो, ही माहिती मी अन्य मार्गांनी मिळवीन. ज्यांनी संगीताचे असे संस्थात्मक शिक्षण घेतले आहे त्यांना माझा प्रश्न निराळा आहे. त्या वर्षांनी आपल्या गाण्याचे आणि आपल्या आयुष्याचे काय केले? दहा-पंधरा वर्षांनंतर मागे वळून पाहताना त्यातले काय उरले आहे आणि काय हातून निसटले? जे अनुभवातून लिहितील त्यांचा मी ऋणी राहीन.

---

प्रतिसाद : मारवा

आपला प्रश्न वाचून मला माझे वडील आठवले, कारण २००४ साली त्यांनीही हाच प्रश्न अनेकांना विचारला होता आणि त्यांना सरळ उत्तर कोणी दिले नव्हते. मी राज्यातील एका विद्यापीठाच्या संगीत विभागातून कंठसंगीत हा विषय घेऊन बी.ए. आणि एम.ए. केले. सध्या मी एका शाळेत संगीत शिक्षिका आहे, आकाशवाणीची 'बी हाय' ही कलाकाराची श्रेणी मला आहे आणि वर्षाकाठी दहा-बारा कार्यक्रम होतात. मोठी गायिका मी झाले नाही. तरीही गाणे माझ्या दिवसाच्या केंद्रस्थानी आहे, आणि ते तसे राहिले याचे बरेचसे श्रेय त्या पाच वर्षांना आहे.

आधी उणीव सांगते. विद्यापीठाचा अभ्यासक्रम सत्रांमध्ये वाटलेला असतो आणि प्रत्येक सत्रात ठरावीक राग पुरे करावे लागतात. आमच्या वेळी वर्षाला दहा-बारा राग होते. त्यांपैकी निम्म्या रागांत संथ लयीतला बडा ख्याल आणि जलद लयीतला छोटा ख्याल, बाकीच्यांत केवळ छोटा ख्याल, शिवाय एक ध्रुपद किंवा धमार आणि एक तराणा, अशी मांडणी होती. परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक एका विद्यार्थिनीला पंधरा-वीस मिनिटे देत. तेवढ्यात बंदिशीचे स्थायी आणि अंतरा हे दोन भाग, चार आलाप, आठ ताना म्हणून घेत आणि "आता दुसरा राग," असे सांगत. सलग पाच वर्षे असे गायल्यावर माझा राग पंधराव्या मिनिटाला संपू लागला. त्यापुढे काय गायचे ते मला खरोखर सुचत नसे. एम.ए. झाल्यावर मी एका ज्येष्ठ गुरूंकडे जाऊ लागले. त्यांनी मला पहिले वर्षभर एकटा यमन दिला आणि त्यातही सुरुवातीचे तीन महिने मध्यमाच्या वर जाऊ दिले नाही. विलंबित, म्हणजे संथ, लयीत निवांत बसायला मला त्यानंतर तीन वर्षे लागली. आपल्या मुलीला बाईंकडून मिळणारी सहा-सहा महिन्यांची तालीम तिच्याजवळची मोठी शिदोरी आहे, हे मी प्रथम सांगून ठेवते.

आता जे मिळाले ते सांगते. द्वितीय वर्षात असताना मी पूरिया गात होते आणि माझा पूरिया वारंवार मारव्याकडे झुकत होता. हे दोन राग आणि सोहनी यांचे स्वर तेच आहेत. तिन्हींत रिषभ कोमल, मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य. आमच्या विभागातील एका शिक्षिकेने तो संपूर्ण महिना अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि आम्हा सात जणींना वर्तुळात बसवून तेच स्वर तीन निराळ्या वाटांनी गायला लावले. मारवा गाताना रिषभ-धैवतावर थांबायचे आणि षड्ज जणू टाळायचा, पूरियात गंधार-निषादाला धरून खालच्या, मंद्र सप्तकात रेंगाळायचे, सोहनी वरच्या, तार षड्जाच्या आसपास चंचल ठेवायची. एक गात असताना बाकी सहा जणींनी चूक कोठे झाली ते बोटांनी दाखवायचे. त्या महिन्यात मी जे ऐकायला शिकले ते एकटीने तालीम घेऊन शिकले असते असे मला वाटत नाही, कारण दुसरीच्या गळ्यातली चूक आपल्या गळ्यातल्या चुकीपेक्षा लवकर कळते, आणि एकदा ती कळली की आपल्या गळ्यातलीही लपत नाही. बाईंच्या वाक्याचा अर्थ मी असा लावते. बरोबर बसणाऱ्या सात जणी मन लावून शिकणाऱ्या असतील तर संस्थेत कान तयार होतो. त्या उपस्थिती भरण्यासाठी येत असतील, तर तेथे होणारे शिक्षण घरीही होऊ शकते.

याशिवाय दोन लहान वाटणाऱ्या गोष्टींनी माझे आयुष्य बदलले. पहिली स्वरलिपी, म्हणजे स्वर चिन्हांनी लिहिण्याची पद्धत. भातखंडे आणि पलुस्कर या संगीतज्ञांच्या दोन्ही पद्धती मला वाचता-लिहिता येतात, त्यामुळे कोणत्याही घराण्याची छापील बंदिश मी अर्ध्या तासात उभी करू शकते. ते गाणे नव्हे, ती केवळ बंदिशीची हाडे आहेत, हे मी जाणते. परंतु शाळेत साठ मुलांना शिकवताना आणि जुन्या चिजा शोधताना ही विद्या रोज उपयोगी पडते. दुसरी गोष्ट म्हणजे साथीची उपलब्धता. विभागात तबल्याचे विद्यार्थी होते, चार तानपुरे होते आणि दुपारी रिकामी खोली मिळत असे. लहान गावातून आलेल्या मुलीला रोज खऱ्या तबल्याबरोबर गायला मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते यंत्रातील ठेक्यावर वर्षानुवर्षे रियाज केलेल्यांनाच समजेल.

---

प्रतिसाद : विलंबित एकताल

वरील प्रतिसादात तबल्याच्या विद्यार्थ्यांचा उल्लेख आला म्हणून त्या बाजूने लिहितो.

मी तबला वाजवतो आणि त्यावरच माझे घर चालते. घरच्या गुरूंकडे मी पेशकार, कायदे, रेले आणि गती या एकल वादनाच्या रचना शिकलो. संस्थेच्या परीक्षांमध्येही एकल वादनालाच गुण असतात. परंतु एकल वादनाचे कार्यक्रम मला वर्षातून एखादा मिळतो आणि माझी उरलेली सर्व मिळकत साथीची आहे. ही साथ मला संस्थेने शिकवली, तीही वेळापत्रकात नसलेल्या तासांमध्ये. आमच्याकडे असा प्रघात होता की तबल्याच्या विद्यार्थ्याने आठवड्यातून चार दिवस गायनाच्या वर्गात बसून ठेका धरायचा. बारा मात्रांचा एकताल, लय इतकी संथ की दोन मात्रांच्या मध्ये पूर्ण श्वास घेता यावा. समोर गाणारी नवखी असल्यामुळे ती कधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकणार, कधी मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी ओळ, उशिरा उचलणार, कधी मध्येच थांबून शिक्षकांकडे पाहणार. या सर्वांत हात स्थिर ठेवायचा आणि तिला सावरून घ्यायचे. पहिल्या वर्षी मला हा छळ वाटला. तिसऱ्या वर्षी ध्यानात आले की गायकाने श्वास घेतला की पुढे तो काय करणार आहे याची सूचना मला आधीच मिळू लागली आहे. आज व्यासपीठावर अनोळखी गायकाबरोबर तालीम न करता बसण्याचे धैर्य मला आहे ते त्या दुपारांमुळेच.

आणखी एक गोष्ट. मला मिळालेली पहिली पंधरा-वीस निमंत्रणे गुरूंच्या नावावर मिळालेली नव्हती. ज्यांच्यासाठी मी ठेका धरत होतो ते सहाध्यायी पुढे गाऊ लागले आणि त्यांनी मला बोलावले. कथक शिकणाऱ्या एका सहाध्यायिनीने पुढे स्वतःचा वर्ग काढला, तेथे मी अकरा वर्षे नियमित वाजवत आहे. आयुष्यभराची साथसंगत अशा ठिकाणी जुळते, आणि ती पुढे फार क्वचित तुटते. घरी राहून शिकणाऱ्यालाही अशी माणसे भेटतात, पण ती जमवायला त्याला अधिक वर्षे लागतात.

---

प्रतिसाद : काळी दोन

वरील दोघांच्या अनुभवाचा आदर ठेवून मी उलट बाजू मांडतो, कारण ती मांडली गेली नाही तर या पालकांना अर्धेच चित्र दिसेल.

मी एका संस्थेत पदवीसाठी प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती सोडली. कारण साधे होते आणि ते कोणी गांभीर्याने घेतले नाही. वर्गात मुले आणि मुली मिळून बावीस जण होते आणि सर्वांना एकाच पट्टीत, म्हणजे एकाच षड्जावरून, शिकवले जाई. मुलींची संख्या अधिक असल्यामुळे ती पट्टी बहुधा काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातील चौथी काळी पट्टी, असे. माझा स्वाभाविक षड्ज त्याहून खाली, काळी दोनला आहे. रोज दोन तास काळी चारला तार सप्तकात जायचे, तेही शिक्षकांच्या मागोमाग आणि मोठ्या आवाजात, असे दीड वर्ष चालले. त्यानंतर माझा आवाज सकाळी फुटेनासा झाला आणि वरच्या गंधारावर चिरू लागला. घशाच्या डॉक्टरांनी चार महिने गाणे पूर्ण बंद ठेवायला सांगितले. परत गेलो तेव्हा उपस्थिती कमी भरली म्हणून परीक्षेला बसता येणार नाही असे कळले, आणि मी मागे फिरलो. त्या काळात झालेले दुःख मी येथे वाढवून सांगत नाही, परंतु अठरा वर्षांच्या मुलासाठी ते लहान नव्हते.

पुढे मी एका गुरूंकडे गेलो. त्यांनी पहिल्या दिवशी पेटीवर एकेक स्वर देऊन माझी पट्टी शोधली आणि सहा महिने केवळ खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, लावून घेतला. आवाज परत आला. आज मी नोकरी करून गातो. आपल्या बंधूंनी सुचवलेला मार्ग मी स्वतः चाललो आहे आणि तो कमी प्रतीचा नाही. मात्र त्यात थकवा फार आहे हेही सांगतो. दिवसभराच्या कामानंतर रात्री नऊ वाजता तानपुरा हातात घेताना अनेकदा डोळे मिटत असतात आणि विशीतील जी वर्षे गळा घडण्याची असतात ती अशा अर्धवट जागेपणी जातात.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की प्रवेश घेण्यापूर्वी आपण मुलीला घेऊन प्रत्यक्ष वर्गात एक दिवस बसावे. किती जण एकत्र गातात, कोणत्या पट्टीत गातात आणि एकेकाला स्वतंत्रपणे किती वेळ मिळतो, हे स्वतः पाहावे. माहितीपत्रकात यातले काहीही लिहिलेले नसते.

---

प्रतिसाद : जुना श्रोता

मी गायक नाही. चाळीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि त्याहून अधिक वर्षे गाणे ऐकले. या चर्चेत 'संस्था' आणि 'गुरू' अशा दोन वाटा एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. आपल्या संगीताच्या इतिहासात त्या इतक्या वेगळ्या नव्हत्या, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विचारणारे गृहस्थ मिरजेचे आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्याच गावापासून करू. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्यामुळे अधू झाली आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यासाठी आले. स्वतः पूर्णपणे गुरुगृही शिकलेल्या या माणसाने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि तेही कोणा एका संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. ठरावीक अभ्यासक्रम, छापील पुस्तके, परीक्षा आणि प्रमाणपत्र या सर्व गोष्टी तेथे होत्या. परंतु त्याच संस्थेत उपदेशक वर्ग नावाचा एक आतला गाभा होता. त्यातील मुलांकडून कित्येक वर्षे राहण्याचा करार लिहून घेतला जाई, त्यांची जेवणाची व राहण्याची सोय संस्था करी, आणि पलुस्करबुवांच्या नजरेखाली त्यांचा अहोरात्र अभ्यास चाले. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास आणि बी. आर. देवधर ही नावे ज्या शिस्तीतून आली ती ही शिस्त होती. सायंकाळच्या वर्गांना येणाऱ्या शेकडो हौशी विद्यार्थ्यांतून श्रोते तयार झाले, आणि पलुस्करांना तेही हवेच होते. तानसेन झाले नाहीत तरी कानसेन होतील, असे ते म्हणत असल्याचे सांगितले जाते.

या घडणीचा त्या शिष्यांच्या आयुष्यावर जो ठसा उमटला तो गाण्यापुरता नव्हता. मुंबईत उभारलेली संस्थेची इमारत कर्जापायी १९२४ साली लिलावात गेली, तरी बहुतेक शिष्यांनी आपापल्या गावी पुन्हा शाळाच काढल्या. विनायकबुवा गंधर्व नाटक मंडळीत नट म्हणून नावारूपाला आले होते. रंगभूमी सोडून त्यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि उरलेले आयुष्य शिकवण्यात घालवले. शिकवणे हे गाण्याइतकेच मोठे काम आहे ही भावना त्यांच्यात संस्थेनेच रुजवली, असे माझे मत आहे. पहिल्या प्रतिसादातील शिक्षिकेने "मोठी गायिका झाले नाही" असे लिहिले आहे. साठ मुलांना स्वर ओळखायला लावणारी व्यक्ती त्या परंपरेतली सरळ वारस आहे, हे त्यांना मी आदराने सांगू इच्छितो.

लखनौचे उदाहरण अधिक बोलके आहे. भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली तेथे मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय उभे राहिले आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले. रातंजनकर स्वतः भातखंड्यांचे विद्यार्थी आणि बडोद्याला गायक फैयाज खाँसाहेबांची तालीम घेतलेले. त्यांच्या हाताखाली शिकण्यासाठी बैलहोंगलचा एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा १९३६च्या सुमारास लखनौला गेला आणि गुरूंच्या घरीच राहिला. तेच पुढे गायक के. जी. गिंडे झाले. त्यांच्याबरोबर एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर आणि दिनकर कायकिणी होते. दिवसा कॉलेज आणि उरलेला वेळ गुरूंचा सहवास, असा तो क्रम होता. ही सारी मंडळी पुढे मुंबईत आली, निरनिराळ्या संस्थांमध्ये शिकवू लागली आणि एकमेकांच्या चिजा आयुष्यभर सांभाळत राहिली. एका वर्गात बसलेल्या चार-पाच जणांनी एका गुरूचे भांडार मिळून जपले, ही गोष्ट एकट्या शिष्याच्या आवाक्यातली नव्हती.

तिसरे उदाहरण देवधरांच्या मुंबईतील शाळेचे. कुमार गंधर्व तेथे १९३०च्या दशकाच्या मध्यात आले तेव्हा ते लहान वयातच प्रसिद्धी मिळालेले बालगायक होते, इतरांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणारे. देवधरांनी त्यांना शिकवले, आणि त्याच जोडीने नाना घराण्यांच्या गायकांना ऐकण्याची संधी दिली, कारण त्या शाळेत मोठमोठ्या उस्तादांचा राबता होता आणि देवधरांची स्वतःची जिज्ञासा एका घराण्यात मावणारी नव्हती. कुमारांनी पुढे घराण्यांच्या चौकटीविषयी जी स्वतंत्र भूमिका घेतली तिची मुळे मला त्या शाळेच्या खोल्यांमध्ये दिसतात. गुरुगृही वाढलेल्या शिष्याला आपल्या घराण्याखेरीज दुसरे काही ऐकण्याची मुभा त्या काळी क्वचितच होती.

आजच्या काळातही अशी जोड घातली गेली आहे. पुणे विद्यापीठाने १९८७ साली ललित कला केंद्र सुरू केले तेव्हा विद्यापीठाच्या चौकटीत गुरुकुलाचे शिक्षण आणण्याचा हेतू त्यामागे होता. कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात आणि तेथे पदवी हा विषयच नसतो. गायक रशीद खाँ लहान वयात आपले गुरू निसार हुसेन खाँसाहेबांबरोबर त्या आवारात आले आणि तेथेच वाढले. गायक उल्हास कशाळकरांची वाट तर दोन्ही काठांना स्पर्श करणारी आहे. त्यांनी नागपूर विद्यापीठातून संगीताची पदव्युत्तर पदवी घेतली, नंतर राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांची कसून तालीम घेतली, आणि १९९३पासून त्याच कोलकात्याच्या अकादमीत ते गुरू म्हणून शिकवू लागले. त्यांच्या गाण्यात पदवीचा वाटा किती आणि गजाननबुवांचा किती, हे वेगळे काढण्यात अर्थ नाही. पण पदवीनंतर त्यांनी तालीम थांबवली नाही, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तेव्हा संस्था निवडताना तिचे नाव, इमारत आणि अभ्यासक्रम यांहून शिक्षक विद्यार्थ्यांसमवेत किती तास बसतात हे पाहावे. रातंजनकरांच्या किंवा देवधरांच्या संस्था मोठ्या झाल्या त्या दुपारी पाचनंतरही दार उघडे राहत असल्यामुळे.

---

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. 'जुना श्रोता' यांचा प्रतिसाद मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. पलुस्कर ज्या गावात शिकले तेथेच आपण शिकत आहोत, हे तिला ठाऊक होते, परंतु त्या गोष्टीकडे ती प्रथमच असे पाहत होती.

'काळी दोन' यांच्या सूचनेप्रमाणे पुढील महिन्यात आम्ही दोघे दोन ठिकाणी जाऊन वर्गात बसणार आहोत. एक शंका राहते. मुलगी विचारते की तिकडे गेल्यावर बाईंकडची तालीम सोडावी लागेल का, आणि नव्या शिक्षकांनी निराळ्या पद्धतीने गायला सांगितले तर तिने कोणाचे ऐकावे. हा प्रश्न तिला इतका छळतो आहे की दोन रात्री ती नीट झोपलेली नाही.

---

मारवा

तिची काळजी योग्य आहे आणि ती काळजी वाटते यावरूनच बाईंनी तिला चांगले शिकवले आहे हे कळते.

मी या बाबतीत एक चूक केली होती. गावातील माझ्या पहिल्या गुरूंना मी विभागात काय शिकते ते सांगत नसे आणि विभागात त्यांचे नाव घेत नसे. दोन्हीकडे अर्धीच राहिले. पुढे एकदा सुट्टीत गेले असताना त्यांनी माझा बदललेला आकार, म्हणजे गाण्यातला 'आ'चा उच्चार, लगेच ओळखला आणि विचारले. मी सर्व सांगितल्यावर ते रागावले नाहीत. विभागात जे शिकवतात ते त्यांनी माझ्याकडून गाऊन घेतले, दोन ठिकाणी "हे चांगले आहे" म्हणाले आणि एका ठिकाणी "हे आपले नाही, पण परीक्षेपुरते ठेव" असे सांगितले. एवढे ऐकायला मी दोन वर्षे उशीर केला होता. म्हणून मुलीने जाण्यापूर्वी बाईंना नमस्कार करून स्पष्ट विचारावे आणि नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी आपण कोणाकडे शिकलो ते सांगावे. बहुतेक शिक्षकांना अशी मुलगी आवडते, कारण तिचा षड्ज आधीच लागलेला असतो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिने बाईंसाठी राखून ठेवाव्यात. त्या सुट्ट्यांत एकच राग घ्यावा, विभागात वर्षभरात झालेल्यांपैकी तिला सर्वांत अपुरा वाटणारा, आणि तो बाईंच्या रीतीने सावकाश गावा. मी हे शेवटची दोन वर्षे केले. त्या दोन सुट्ट्यांतले बागेश्री आणि बिहाग हे दोनच राग मला आजही तासभर गाता येतात.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट आहे आणि ती वर कोणी लिहिलेली नाही. वर्ग पाहायला जाल तेव्हा वसतिगृहही पाहा आणि पहाटे पाच वाजता तानपुरा लावून खर्ज भरता येईल अशी जागा तेथे आहे का, हे अधीक्षकांना विचारा. आमच्या वसतिगृहात सकाळी सातपूर्वी आवाज करण्यास मनाई होती. आम्ही तिघी मैत्रिणी पहिले वर्षभर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे, थंडीत शाली गुंडाळून, मंद्र सप्तकात हळू आवाजात गात असू. दुसऱ्या वर्षी आमच्या शिक्षिकेने विभागाची एक किल्ली आमच्याकडे दिली. आपल्या मुलीला ती किल्ली पहिल्याच वर्षी मिळेल का, एवढे विचारून या.

---

कृष्णाकाठ

विचारतो. आणि तिचा तानपुरा येथूनच करून नेतो. गल्लीतील कारागिरांनी भोपळा निवडून ठेवला आहे. तिची पट्टी काळी पाच आहे, तेव्हा त्या मापाचा तानपुरा जूनपर्यंत तयार होईल, असे ते म्हणाले.